ब्रेकर कोणाच्या घरासमोर

एकतीस वर्षं एसटी चालवून सैफुद्दीन निवृत्त झाला तेव्हा दोन गोष्टी त्याच्यासोबत घरी आल्या. एक कंबरदुखी आणि दुसरं म्हणजे जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या ब्रेकरांचं पाठांतर. कारंज्याहून वाशीमपर्यंत किती, पुढे रिसोडपर्यंत किती, केनवडच्या मुक्कामी गाडीला शेवटचा ब्रेकर कुठं आडवा येतो, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. कंबरदुखीचा सगळा दोष तो या ब्रेकरांनाच द्यायचा. "ज्यानं रस्त्यावर पयला ब्रेकर घातला ना, त्याले एकदा गाडीच्या मागच्या सीटवर बसवून फिरवा लागत होतं," असं तो डेपोतल्या चहावर कितीदा तरी म्हणाला असेल.

अशा माणसाच्या दारात ब्रेकर कसा आला आणि पुढे त्याचं काय झालं, त्याची ही हकीकत.

कारंज्यात बायपासच्या अलीकडे शांतीदीप कॉलनी आहे. एक सरळसोट गल्ली आणि दोन्ही अंगांना मिळून चाळीसेक घरं. जुन्या गावातलं भाड्याचं घर सोडून सैफुद्दीन आणि त्याची बायको जमीला चार वर्षांपूर्वी इथं राहायला आले. मुलगा शादाब नोकरीला अकोल्यात. घरात दोघंच. जमीला शिलाईचं काम करायची. गेटवर 'फॉल, पिको, ब्लाऊज' अशी पाटीही तिनं लावली होती, पण ती वाचायला गल्लीत कोणी थांबतच नव्हतं. ईदला शिरखुर्म्याचे डबे घरोघर जायचे, दिवाळीला फराळाची ताटं यायची, मधल्या दिवसांत मात्र मान हलवण्यापलीकडे संबंध नव्हता. माणसं वाईट नव्हती. जो तो आपल्या गेटाच्या आत सुखी होता, एवढंच.

कॉलनीचं रहिवासी मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष दौलतसिंग ठाकूर. चौकात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि कॉलनीत सगळ्यात उंच कंपाउंड त्यांचंच. मंडळ वर्षातून दोनदा झेंडा लावायचं, संक्रांतीला हळदीकुंकू करायचं आणि अध्यक्षांचा वाढदिवस साजरा करायचं. यातल्या प्रत्येक गोष्टीची आणि महिनाअखेरी केलेल्या कामांची बातमी व्हाट्सअपच्या ग्रुपवर टाकणं हे सचिवाचं काम. आधीच्या सचिवाची बदली झाली, तेव्हा नवीन सचिव नेमायला बैठक भरली. कोणीच मान वर करेना. सैफुद्दीनला कंबरेमुळे फार वेळ बसवत नसे म्हणून तो जरा उभा राहिला, तर दौलतसिंग म्हणाले, "वा, भाईसाहेब सोताहून तयार झाले." टाळ्याही झाल्या. आता परत खाली बसायचं कसं, हे त्याला सुचलं नाही.

सचिव होऊन दोनच महिने झाले असतील, तोच प्रयागबाईंचा हात मोडला.

प्रयागबाई म्हणजे जगदेवची आई. जगदेवचं शेत कामरगावला, पण मुलांच्या शाळेसाठी त्यानं इथं घर बांधलं होतं. रोज सकाळी मोटारसायकलीवर शेतात जायचा, संध्याकाळी परत यायचा. मार्केट यार्डाकडे जाणाऱ्यांना ही गल्ली जवळची वाट पडायची, त्यामुळे कापसा-सोयाबीनच्या दिवसांत मोटारसायकली नुसत्या सुसाट सुटायच्या. त्यातलीच एक प्रयागबाईंना धक्का देऊन गेली. बाई गेटासमोर तुरीच्या शेंगा वाळत घालत होत्या. उजवं मनगट मोडलं. मोटारसायकलवाला थांबला नाही.

दुसऱ्याच दिवशी दौलतसिंगांच्या ओसरीवर बैठक झाली. इतकी माणसं मंडळाच्या बैठकीला कधी आली नव्हती. ब्रेकर झालाच पाहिजे, यावर सगळ्यांचं पाच मिनिटांत एकमत झालं. सिमेंटाचीही चिंता मिटली, कारण दौलतसिंगांकडे कंपाउंडच्या कामातली पोती उरली होती. सैफुद्दीननं वहीत ठराव लिहायला घेतला: 'गल्लीत एक गतिरोधक श्री. ——— यांच्या घरासमोर करण्यात यावा.' मग मान वर करून त्यानं विचारलं, "कोनाच्या घरासमोर लिवू?"

ओसरीवर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला.

"जिथं अपघात झाला तिथंच पाह्यजे," वैजयंतीताई म्हणाल्या. त्या घरून पापड-मसाले विकायच्या आणि बैठकीत सगळ्यात आधी बोलायच्या.

जगदेव म्हणाला, "आमच्या घरासमोर नोको ताई. मायचा हात मोडेल हाय. तिले झोप नाई येऊन राह्यली. दिवसभर धाडधाड आयकवू का तिले? तुमच्या घरासमोर करा, गल्लीचा मधोमध हाय."

"आमच्या ह्यायले बीपी हाय," वैजयंतीताई म्हणाल्या. बीपीवाले नवरे शेजारीच बसले होते, त्यांनी हळूच मान हलवली.

दौलतसिंगांकडे सगळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, "माह्याकडे बियान्याचा टेम्पो येते. पोते उसळले तर बी फुटते. नाई तर मले काय हरकत होती?"

असं एकेक घर पुढे सरकत गेलं. कोणाकडे तान्हं बाळ, कोणाच्या भिंतीला आधीच तडा, कोणाच्या दाराशी गाय बांधलेली. प्रत्येकाचं कारण खरं होतं, म्हणून त्यावर बोलताही येत नव्हतं. वहीतली रेघ रिकामी ती रिकामीच. सैफुद्दीनला ड्युटीची सवय होती. कागदावरचा रकाना मोकळा ठेवून गाडी डेपोतून बाहेर काढायची नसते, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. शिवाय चार वर्षांत पहिल्यांदाच एवढी माणसं त्याच्या तोंडाकडे, किंवा निदान त्याच्या पेनाकडे, बघत होती. त्यानं रेघेवर स्वतःचं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"याले म्हन्ते मानूस," दौलतसिंग म्हणाले आणि चहा मागवला.

घरी आल्यावर त्यानं जमीलाला सांगितलं. तिनं मशीन थांबवली.

"एकतीस वर्षं ब्रेकरले शिव्या देल्या," ती म्हणाली. "आन् आता घरी आनून राह्यले?"

"रिकामी जागा होती कागदावर."

"मंग माहं नाव लिवायचं होतं. तुमची तर कंबर हाय."

त्यानं वही फडताळात ठेवली आणि कंबरेला उशी लावून बसला.

किशन मिस्त्री काम करायला आला तेव्हा त्याला दौलतसिंगांची सूचना होती की असा करा, गाडीवाल्याले दणका बसला पाह्यजे. किशननं वीतभर उंचीचा, भिंतीसारखा उभा बांध घालायला घेतला. सैफुद्दीन खुर्ची घेऊन बाहेर आला.

"हा ब्रेकर नाई, हे कंपाउंड हाय," तो म्हणाला. "किशन, पुरं काढ ते. पसरट पाह्यजे. चढ असा की चाक वर गेलेलं समजलं नाई पाह्यजे, पन वेग असला तर समजलं पाह्यजे."

"चाचा, ब्रेकर म्हन्जे ब्रेकर. त्याच्यात काय डिझाईन?"

"तू बनवले किती?"

"पाच-सात."

"मी वलांडले कितीक, मोजता येनार नाई तुले."

मग त्यानं दोरी लावली, लाकडी पट्टीनं उतार मोजला, तीनदा सिमेंट खरवडून परत घालायला लावलं. किशन वैतागला, पण जमीलानं दोनदा चहा दिला म्हणून टिकला. ब्रेकर वाळल्यावर सैफुद्दीननं स्वतः बसून त्यावर पांढरे पट्टे ओढले. पोटुशी बाई मागच्या सीटवर झोपलेली असली तरी जागी होणार नाही, असा तो ब्रेकर झाला. पण जोरात येणाऱ्याचे दात मात्र एकमेकांवर आपटायचे. सगळा राग ज्या वस्तूवर काढला, तीच त्याच्या हातून इतकी सुबक व्हावी, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. ग्रुपवर त्यानं बातमी टाकली: 'मंडळाच्या वतीने गतिरोधकाचे काम पूर्ण.' खाली दौलतसिंगांनी स्वतःचा फोटो जोडला.

पहिले तीन-चार दिवस आपटण्याचे आवाज आले. मग वाहनं सवयीनं हळू होऊ लागली, आणि भलतंच काहीतरी व्हायला लागलं. गाडी हळू झाली की माणूस इकडंतिकडं बघतो. बघितलं की समोर खुर्चीवर सैफुद्दीन दिसतो. दिसला की काहीतरी बोलावं लागतं. आधी नुसता नमस्कार व्हायचा, मग "काय चाचा, जेवन झालं?" आणि मग गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं. त्याच्या एसटीत डोक्यामागे पाटी असायची, 'चालकाशी बोलू नये'. एकतीस वर्षं ती लोकांनी अगदी मनापासून पाळली होती. आता दूधवाला त्याला म्हशीचं दुखणं सांगायचा, जगदेव तुरीचा भाव सांगायचा, वैजयंतीताई नवऱ्याच्या बीपीचे आकडे सांगायच्या.

जमीलाच्या पाटीचंही तसंच झालं. स्कूटीवरच्या बाया ब्रेकरवर हळू व्हायच्या, पाटी वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून साडी घेऊन यायच्या. महिन्याभरात तिच्याकडे इतकं काम आलं की तिनं दुपारची झोप सोडली. लग्नाच्या पत्रिकांवर पत्ता यायला लागला: 'ब्रेकरजवळ, शांतीदीप कॉलनी'. कुरियरवाले फोनवर विचारायचे, "ब्रेकरवाल्या चाचाच्या अलीकडे का पलीकडे?" ज्यांचं घर पलीकडे होतं, त्यांत अध्यक्षही होते.

पुढच्या बैठकीत विषय होता हळदीकुंकवाचा. तो पाच मिनिटांत आटोपून दौलतसिंग म्हणाले, "मी सुरक्षेबद्दल इचार करून राह्यलो. एका ब्रेकरनं भागत नाई. माह्या घराजवळ गाड्या लय जोरात येते."

"तुमचा टेम्पो येते ना, पोते उसळन," सैफुद्दीननं आठवण करून दिली.

"टेम्पोवाल्याले सांगू हळू आन म्हनून."

जगदेव म्हणाला की अपघात आपल्या दारात झाला, तेव्हा खरं तर पहिला मान आपला होता. माय काय, आता आवाजाला सरावली आहे. वैजयंतीताईंचं म्हणणं पडलं की मधोमध ब्रेकर नसणं धोक्याचं आहे. आणि हो, त्यांनीही गेटवर पापडाची नवी पाटी करायला टाकली होती. ज्यांच्या भिंतीला तडा होता त्यांचा तडा भरून निघाला. तान्हं बाळ महिन्याभरात बरंच मोठं झालं. ज्याला हवा त्याला ब्रेकर, असा ठराव सैफुद्दीननं लिहिला. या वेळी नावांना जागा कमी पडली, म्हणून उरलेली त्यानं समासात लिहिली.

आठ नवे ब्रेकर झाले. सैफुद्दीन दोरी घेऊन निघाला होता, पण दौलतसिंगांनी त्याला गेटावरच थांबवलं. "तुमचा जुना मॉडेल हाय भाईसाहेब," ते म्हणाले. त्यांनी स्वतःचा वितीपेक्षा उंच करवून घेतला, त्याला पिवळा-काळा रंग आणि चमकणाऱ्या काचा लावल्या. मग जगदेवनं आपला त्याहून बोटभर उंच केला. किशनला आता कोणी उतार मोजायला सांगत नव्हतं, तो एका दिवसात दोन-दोन उरकायचा. सैफुद्दीन प्रत्येकाची बातमी टाकत गेला. आठव्याच्या वेळी त्यानं सातव्याचीच बातमी नाव बदलून टाकली, कोणाच्या लक्षात आलं नाही.

जेमतेम दोनशे पावलांची गल्ली आणि तिच्यात नऊ ब्रेकर. एक उतरला की दुसरा चढायचा. गॅस सिलिंडरवाला गल्लीच्या तोंडाशीच उभा राहून हाका मारू लागला. टाक्या ज्यानं त्यानं लोटत न्यायच्या. शाळेची व्हॅन आत यायची बंद झाली. दौलतसिंगांचा टेम्पो त्यांच्याच ब्रेकरवर मधोमध टेकला, पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे, आणि तो उतरवायला मंडळाचे सगळे पदाधिकारी लागले. यार्डाकडे जाणाऱ्यांनी तर मागची गल्ली धरली. मोटारसायकलींचा त्रास खरोखर संपला, पण मोटारसायकलींबरोबर स्कूटीही गेल्या. सैफुद्दीनच्या खुर्चीसमोरून आता तासन् तास कोणी जात नव्हतं. जमीला दुपारी पुन्हा झोपू लागली.

"निदान मशीनले आराम," ती म्हणाली. सैफुद्दीनला ते लागलं, पण त्यानं दाखवलं नाही.

आणि मग प्रयागबाईंचं प्लास्टर काढायचा दिवस आला. जगदेवनं आईला मोटारसायकलीवर मागे बसवलं आणि दवाखान्यात नेलं. जाताना ते धरून धरून गेले. परत येताना बाईंचा उजवा हात मोकळा झाला होता, आणि जगदेवला शेतात जायची घाई होती. आठ ब्रेकर नीट पार पडले. नववा त्यांचा स्वतःचा, बोटभर जास्त उंचीचा. त्याच्यावर बाई मागच्या मागे घसरल्या आणि डाव्या हातावर पडल्या.

आवाज ऐकून सैफुद्दीन कंबर धरून धावला. बाई आपल्याच ब्रेकरला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. डावं मनगट उजव्या हातानं धरून त्याच्याकडे बघत होत्या.

"सैफूभाऊ," त्या म्हणाल्या, "पोराले सांगा, गाडी फिरव म्हनून. डॉक्टर अजून गेला नसन."

त्या संध्याकाळची बैठक प्रयागबाईंनी बोलावली. मंडळाच्या इतिहासात बैठक बोलावणारी ती पहिलीच बाई. डावा हात प्लास्टरमध्ये, उजवा अजून बारीक आणि पांढराफटक. खुर्ची दिली तरी त्या बसल्या नाहीत.

"माहा एक हात ब्रेकर नोता म्हनून मोडला," त्या म्हणाल्या. "दुसरा ब्रेकर होता म्हनून मोडला. मले आता दोन पाय राह्यले. त्याहीचं काय करायचं, ते मंडळानं ठरवावं."

मग दौलतसिंग म्हणाले की ब्रेकर जरा जास्तच झाले, हे मान्य करायला पाहिजे. यावरही पाच मिनिटांत एकमत झालं. कोणता काढायचा असा प्रश्न आला, तेव्हा प्रत्येकाला शेजारच्याचा काढायचा होता.

"चाचाचा राहू द्या," वैजयंतीताई मध्येच म्हणाल्या. "तो एकच नीट हाय. आमी त्याच्यावरून जातो तं समजत बी नाई."

सैफुद्दीन वहीत बघत राहिला. त्याला वाटलं, आता कोणीतरी हो म्हणेल. जगदेवनं तोंड उघडलंही होतं.

"तसं कसं?" दौलतसिंग म्हणाले. "सगळ्याले एकच न्याय पाह्यजे. नाई तर लोक म्हनतीन, सचिवानं सोताचा वाचवला."

सैफुद्दीननं ठराव लिहिला: सर्व गतिरोधक काढण्यात यावेत. खाली सही केली.

किशन पुन्हा आला, या वेळी घण घेऊन. घाईत केलेले आठ ब्रेकर अर्ध्या दिवसात सुटले. काही तर घणाच्या दुसऱ्याच घावाला अख्खे उचलून आले. सैफुद्दीनचा मात्र निघेना. किशन दुपारभर घाव घालत राहिला आणि वाटीएवढे तुकडे काढत राहिला.

"चाचा, काहून एवढा पक्का करवला होता?" घाम पुसत त्यानं विचारलं. "दोरी काय, उतार काय. आता मलेच भोगावं लागून राह्यलं."

"तुले तवा तीनदा खरवडायला लावलं होतं ना," सैफुद्दीन म्हणाला, "त्याचंच हे." आणि आत जाऊन त्यानं जमीलाला चहा ठेवायला सांगितला. बाहेर घणाचा आवाज येत होता तोवर तो आतच बसला. काम संपायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

ग्रुपवर बातमी गेली: 'शांतीदीप कॉलनी ब्रेकरमुक्त. अध्यक्षांच्या दूरदृष्टीचे सर्वत्र कौतुक.' दुसरं वाक्य दौलतसिंगांनी फोनवरून सांगितलं होतं. ब्रेकर उखडले तिथं नऊ आडवे खड्डे राहिले होते, आणि ते बुजवायचे की ठेवायचे यावर मंडळाचं एकमत होत नव्हतं. तोवर वाहनं त्यांच्यात आपोआप हळू होत होती.

चार दिवसांनी प्रयागबाई चालत सैफुद्दीनकडे आल्या. ब्लाऊजची बाही प्लास्टरवरून चढत नव्हती, म्हणून बाहीला बंद लावून हवे होते. चार वर्षांत त्या या घरात पहिल्यांदाच आल्या. जमीलानं त्यांना मशीनजवळ बसवलं, टेप गळ्यात अडकवला आणि प्लास्टरचं माप घ्यायला लागली. सैफुद्दीन बाजूलाच मोबाईल हातात धरून बसला होता. महिना संपला होता, बातमी टाकायची होती.

"काय लिवून राह्यले?" बाईंनी विचारलं.

"मंडळानं या महिन्यात काय केलं ते. काईच सुचून नाई राह्यलं. ब्रेकर काढल्यापासून तं काईच केलं नाई."

"मंग तसंच लिवा."

"तसं कसं लिवू, काकू?"

"खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. त्यानं थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं: 'ब्रेकर काढल्यापासून मंडळाने काहीही केले नाही.' अध्यक्षांना न विचारता त्यानं टाकलेली ती पहिली बातमी. तासाभरात तिच्याखाली छत्तीस अंगठे आले, वैजयंतीताईंनी फुलांचा गुच्छ पाठवला, आणि शेवटी खुद्द दौलतसिंगांचे जोडलेले हात आले, सोबत 'असेच कार्य चालू राहो'.

सैफुद्दीननं ते जमीलाला वाचून दाखवलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ती हसली नाही. तिनं प्रयागबाईंचा हात जरा वर धरला आणि बाहीला बंद कुठं पाहिजेत ते खडूनं आखून घेतलं.